सगळे कागद अस्सल : ‘व्हर्टिगो’तील खून, हेतू आणि कथानकातील भगदाडे

#थ्रेड

कार्लोटा वाल्देस. जन्म ३ डिसेंबर १८३१, मृत्यू ५ मार्च १८५७. सॅन फ्रान्सिस्कोतील मिशन डोलोरेस या जुन्या चर्चच्या दफनभूमीत १९५७ साली या नावाचा दगड उभा करण्यात आला. चित्रीकरण संपल्यावरही तो काही काळ तेथेच राहिला आणि लोक तो पाहावयास येत राहिले. त्या दगडाखाली कोणीही नव्हते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटासाठी तो घडविलेला होता.

पुढे कथानकाची संपूर्ण उकल आहे. चित्रपट पाहिलेला नसल्यास तो आधी पाहावा आणि मग येथे परतावे.

२०१२ साली ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा ‘व्हर्टिगो’ने १९१ मते मिळवून ‘सिटिझन केन’ला पहिल्या स्थानावरून खाली उतरविले. २०२२ च्या कौलात तो दुसऱ्या स्थानावर आला. गंमत अशी की, याच चित्रपटाच्या कथानकात इतकी भगदाडे आहेत की एखाद्या नवोदित रहस्यकथाकाराचे हस्तलिखित संपादकाने तेवढ्यावरून परत पाठविले असते. त्या भगदाडांपैकी काही खरी आहेत, काही नुसती भासतात. कोणती कोणत्या प्रकारची, हे ठरविण्यासाठी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या हाती असलेले साधनचिकित्सेचे हत्यार येथे चांगले चालते. कारण या कथेतला खून मुळात इतिहासाच्या आधाराने केलेला आहे.

आधी घटनाक्रम. जॉन फर्ग्युसन ऊर्फ स्कॉटी (जेम्स स्ट्युअर्ट) हा सॅन फ्रान्सिस्को पोलिसांतला गुप्तहेर. छपरांवरून एका गुन्हेगाराचा पाठलाग करताना तो घसरतो आणि पन्हळीला लोंबकळत राहतो. त्याला हात द्यायला आलेला सहकारी खाली कोसळून मरतो. उंचीच्या भयगंडाने ग्रासलेला स्कॉटी नोकरी सोडतो. तेवढ्यात गॅव्हिन एल्स्टर हा कॉलेजमधला जुना ओळखीचा त्याला बोलावून घेतो. एल्स्टर सासरकडच्या जहाजबांधणीच्या धंद्याचा कारभार पाहतो. आपली पत्नी मॅडलिन हिला कोणा मृत व्यक्तीने झपाटले आहे असे तो सांगतो आणि तिच्यावर पाळत ठेवण्याची विनंती करतो.

स्कॉटी पाळत ठेवतो आणि तिच्या प्रेमात पडतो. ती समुद्रात उडी घेते, तो तिला वाचवितो. पुढे सॅन हुआन बाउतिस्ता येथील जुन्या मिशनच्या घंटाघरावर ती धावत चढते. भोवळीमुळे तो अर्ध्या जिन्यातच अडकतो. आणि खिडकीतून त्याला तिचा देह खाली पडताना दिसतो. चौकशीत निर्णय आत्महत्येचा. स्कॉटी वेडाच्या सीमेवर जातो. बरा झाल्यावर रस्त्यात त्याला मॅडलिनसारखी दिसणारी ज्युडी बार्टन भेटते. तिचे कपडे, केस, चालणे सारे बदलून तो तिच्यातून मॅडलिन पुन्हा घडवू पाहतो. ज्युडीच खोटी मॅडलिन होती. घंटाघरावरून पडली ती एल्स्टरची खरी पत्नी; नवऱ्याने तिची मान आधीच मोडलेली होती. (दोन्ही रूपांत किम नोव्हाक.)

ही गोष्ट मूळची सॅन फ्रान्सिस्कोची नाही, आणि बरीच भगदाडे तेथूनच सुरू होतात. पिएर बुआलो आणि तोमा नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाची ही कादंबरी १९५४ साली निघाली. तिच्या नावाचा अर्थ ‘मृतांमधून’. याच जोडीच्या आधीच्या एका कादंबरीवर क्लूझो यांनी ‘ले दियाबोलिक’ (१९५५) केला होता. नवी कादंबरी हिचकॉकसाठीच लिहिली गेली, असे दिग्दर्शक त्रुफो सांगत. नार्सजाक यांनी ते नाकारले.

कादंबरीचा पूर्वार्ध १९४० च्या पॅरिसमध्ये घडतो. जर्मन सैन्य उंबरठ्यावर आहे. तेथला नायक फ्लाव्हिएर हा पोलिसांतून बाहेर पडून वकील झालेला, आणि त्याचा मित्र जेव्हीन्य हाही जहाजे बांधणारा. मॅडलिनच्या मृत्यूनंतर फ्लाव्हिएर शरमेने तोंड मिटून बसतो, साक्ष देत नाही. त्यामुळे संशय नवऱ्यावर येतो. आणि मग फ्रान्स कोसळतो. रस्त्यांवर निर्वासितांचे लोंढे, त्यांवर विमानांचा मारा. त्यातच जेव्हीन्य मरतो. तपास करणारे राज्यच उरत नाही. फ्लाव्हिएर आफ्रिकेला जातो आणि मुक्ततेनंतर परततो. चित्रपटगृहात युद्धवार्तेच्या चित्रफितीत त्याला मार्सेच्या गर्दीत तो चेहरा दिसतो.

ही रचना अत्यंत घट्ट आहे. १९४४ च्या फ्रान्समध्ये कोणी दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने सापडणे यात नवल काही नव्हते. लाखो माणसे घरादारावेगळी झालेली होती. मेलेले परत येत होते आणि जिवंत असल्याचे गृहीत धरलेले येत नव्हते. पुरावा हरवणे, साक्षीदार पांगणे, गुन्हेगाराचा परस्पर निकाल लागणे, ही सगळी कामे लेखकांनी युद्धावर सोपविली आणि युद्धाने ती चोख बजावली.

पटकथाकार अलेक कॉपेल आणि सॅम्युएल टेलर यांनी गोष्ट १९५७ च्या शांत, सुखवस्तू सॅन फ्रान्सिस्कोत आणली, तेव्हा हा टेकू निघाला. आता रीतसर चौकशी होणार, कॉरोनर बसणार, पंच निर्णय देणार. खुनी मोकळा सुटणार, तर तो कसा, हे सांगावे लागणार. आणि ज्युडी त्याच शहरात, स्कॉटीच्या वाटेवर का राहिली, याचेही उत्तर द्यावे लागणार. युद्धाच्या जागी काहीतरी दुसरे हवे होते. ते चित्रपटाने कॅलिफोर्नियाच्या भूतकाळातून काढले.

१७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी कॅलिफोर्नियात एकवीस मिशने उभारली. मिशन डोलोरेस १७७६ चे, सॅन हुआन बाउतिस्ता १७९७ चे. पुढे हा प्रदेश स्वतंत्र मेक्सिकोकडे गेला. २४ जानेवारी १८४८ रोजी तेथे सोने सापडले आणि अवघ्या नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने तो अमेरिकेच्या ताब्यात आला. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झाले. १८५१ च्या जमीन कायद्याने मेक्सिकन काळातील जमीनधारकांना आपली मालकी नव्याने सिद्ध करावयास लावले. खटले वर्षानुवर्षे चालले आणि वकिलांची फी भागविता भागविता अनेक स्पॅनिशभाषक घराण्यांच्या जमिनी गेल्या. कार्लोटाची तारीख या पार्श्वभूमीवर वाचावी. ती विशीत येते तीच या उलथापालथीत.

तिची हकिकत चित्रपटात पॉप लीबेल हा जुन्या पुस्तकांचा दुकानदार सांगतो. ती शहराच्या दक्षिणेकडल्या कोणत्या तरी लहान वस्तीतून, काहींच्या मते मिशनच्या वस्तीतून आलेली. नाचगाण्याच्या ठिकाणी एका श्रीमंताच्या नजरेस पडली. त्याने तिच्यासाठी घर बांधले, मूल झाल्यावर ते मूल ठेवून घेतले आणि तिला टाकून दिले. ती रस्तोरस्ती मूल शोधीत फिरली, वेडी झाली, तिने जीव दिला. त्या काळी पुरुषांना हे करता येत असे, कारण त्यांच्यापाशी सत्ता आणि मोकळीक दोन्ही होती, अशा अर्थाचे लीबेल बोलतो. तो बोलत असताना दुकानात अंधार दाटत जातो आणि दिवा कोणी लावीत नाही. त्या श्रीमंताचे नाव कथेत कोठेच येत नाही. टाकलेल्या बाईचे नाव दगडावर, टाकणाऱ्याचे कोठेही नाही; अभिलेखागारात बसलेल्यांना हा अनुभव बहुधा उलटा येतो.

आता स्कॉटीच्या संशोधनाकडे वळावे, कारण पाळतीचा तो सगळा भाग खरे पाहता साधने गोळा करण्याचाच उद्योग आहे. मॅडलिन दफनभूमीत जाते; स्कॉटी दगडावरचे नाव व तारखा टिपून घेतो. ती लीजन ऑफ ऑनर या कलासंग्रहालयात एका चित्रासमोर बसते. तो सूचीतून चित्राचे नाव काढतो. चित्रातल्या बाईच्या हातातला पुष्पगुच्छ आणि मॅडलिनच्या हातातला सारखाच, अंबाड्याचा पेचही सारखाच. ती मॅकिट्रिक हॉटेलात जाते. तेथली व्यवस्थापिका ‘मिस वाल्देस’ हेच नाव सांगते. शेवटी लीबेल तोंडी परंपरा पुरवितो. म्हणजे शिलालेख, चित्र, वास्तू आणि मौखिक इतिहास. चार साधने, एकमेकांस पूरक, आणि लीबेल तर एल्स्टरच्या ओळखीचाही नाही. यापेक्षा भक्कम पडताळा कोणता मागावा?

पण ही चारही साधने सांगतात ते इतकेच की, कार्लोटा वाल्देस नावाची बाई होऊन गेली. तिच्या मागे फिरणारी बाई मॅडलिन एल्स्टर आहे, याला एकही साधन साक्ष देत नाही. त्यासाठी स्कॉटीपाशी एल्स्टरचा शब्द आहे. एर्नीज या उपाहारगृहात एल्स्टरने लांबून दाखविलेला चेहरा आहे. आणि एल्स्टरच्या इमारतीबाहेर उभी हिरवी गाडी आहे. पडताळा झाला तो ज्याबद्दल शंका नव्हती त्याचा. जे तपासायला हवे होते, ते गृहीत धरले गेले.

एल्स्टरची योजना येथे खरोखर चतुर आहे. ज्युडी पुढे पत्रात कबुली देते की, कार्लोटाची गोष्ट काही अंशी खरी आणि काही अंशी रचलेली होती. खरा भाग नेमका तेथे ठेवला आहे, जेथे स्कॉटी तपासायला जाणार. शिवाय, आपली पणजी कोण होती हे मॅडलिनला ठाऊकच नाही, असे एल्स्टर सांगतो. म्हणजे जेवढे पुरावे सापडतील, तेवढे झपाटल्याचे गूढ दाट होणार. पुराव्याने शंका फिटण्याऐवजी भूत पक्के होते.

याहून सुंदर भाग सॅन हुआन बाउतिस्ताचा. मॅडलिन स्वप्न सांगते : मनोरा, घंटा, जुने स्पॅनिश खेडे. जागेचे नाव ती घेत नाही. ते स्कॉटी ओळखतो, ही जागा खरी आहे म्हणून हर्षभरित होतो आणि आपल्याच गाडीतून तिला तेथे घेऊन जातो. खुनाच्या जागी साक्षीदार स्वतःच्या शोधाच्या आनंदात येऊन पोहोचतो. माणसाला दुसऱ्याने सांगितलेले खोटे वाटू शकते. स्वतः लावलेला अर्थ सहसा वाटत नाही.

आणि मग चौकशी. कॉरोनर स्कॉटीला टोचून बोलतो, त्याच्या दुर्बलतेचा पाणउतारा करतो. प्रेक्षकाला राग येतो तो त्या बोलण्याचा, त्यामुळे एक गोष्ट नजरेतून निसटते. त्या चौकशीतला एकही कागद खोटा नाही. मृतदेह खरोखर मॅडलिन एल्स्टरचा आहे. नाव खरे, पती खरा, मृत्यूचे ठिकाण खरे. मान मोडलेली होती हेही खरे, आणि तेवढ्या उंचीवरून पडलेल्या देहाची मोडलेली मान कोणाला खटकणार? खून तेथेच, त्याच वेळेस झालेला असल्याने वेळेचाही घोळ नाही. ‘शवचिकित्सेत हे उघडकीस कसे आले नाही?’ हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न म्हणून फारसा टिकत नाही. बनावट होती ती फक्त जिवंत बाई, आणि तिची नोंद कोठेच नव्हती. साक्षीदार तर प्रामाणिक. खोटी साक्ष उलटतपासणीत फुटते. फसलेल्या माणसाची खरी साक्ष फोडायची कशी?

आता तारखांकडे, कारण चुका शोधणाऱ्यांचा डोळा प्रथम तेथे जातो. १८३१ साली जन्मलेली कार्लोटा १९५७ मधल्या तरुण स्त्रीची पणजी असू शकते का? मूल १८५० च्या दशकात, मग दोन पिढ्या, आणि १९३० च्या आसपास मॅडलिन. हिशेब नीट बसतो.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे. आत्महत्या करणाऱ्यास पवित्र भूमीत दफन नाकारण्याची कॅथलिक चर्चची रीत होती. मग १८५७ साली कार्लोटाला मिशनच्या आवारात जागा कशी मिळाली? पण त्याच रीतीत एक अपवाद होता : भ्रमिष्ट अवस्थेत जीव दिलेला असल्यास ते पाप मृताच्या माथी मारले जात नसे. कार्लोटा वेडी झाली होती, हे कथेत स्पष्ट सांगितले आहे. आणि बरोबर शंभर वर्षांनी पंच मॅडलिनविषयी जो निर्णय देतात, तो मनाचा तोल ढळलेल्या अवस्थेतील आत्महत्येचाच. पटकथाकारांनी हे जाणून केले की सहज घडले, ते सोडून द्यावे. पण एकच शेरा दोन बायकांच्या मृत्यूवर पडतो आणि दोन्ही वेळा तो कोण्या पुरुषाच्या सोयीचा ठरतो.

खरी भगदाडे मात्र आहेत, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

पहिले अगदी आरंभीचे. पन्हळीला लोंबकळणारा स्कॉटी तेथून सुटला कसा? पुढच्या दृश्यात तो मिजच्या घरी काठी घेऊन बसलेला दिसतो, मध्ये काहीही नाही. समीक्षक रॉबिन वुड यांनी १९६५ च्या पुस्तकात यावर असे म्हटले की, सुटका न दाखविल्यामुळे स्कॉटी जणू सबंध चित्रपटभर त्या कड्यावरच लटकत राहतो. हे वाचन मान्य होण्याजोगे आहे. पुढे काहींनी त्यावरून सगळा चित्रपटच मरणाऱ्या माणसाचे स्वप्न ठरविला, तो मात्र जुलूम होय. प्रत्येक अडचण स्वप्नाच्या खात्यावर टाकली, तर वाचायला काही शिल्लकच राहत नाही.

दुसरे भगदाड मॅकिट्रिक हॉटेलचे. मॅडलिन आत जाते, वरच्या खिडकीत दिसते. स्कॉटी आत शिरतो तर रबराच्या झाडाची पाने पुसत बसलेली व्यवस्थापिका सांगते की, ती आज आलेलीच नाही. किल्ली खुंटीवर, खोली रिकामी, बाहेरची गाडीही नाहीशी. याचे स्पष्टीकरण शेवटपर्यंत मिळत नाही. व्यवस्थापिकेला पैसे चारले होते, असे म्हणून सुटता येते, पण चित्रपटात त्याला आधार नाही. घरी गेल्यावर फ्रिज उघडताना प्रेक्षकाच्या मनात येणारी शंका, असे हिचकॉक अशा जागांना संबोधीत. चित्रपटगृहात ती आली नाही म्हणजे काम झाले, हा त्यांचा हिशेब. ती खरी वास्तू गॉफ आणि एडी या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा व्हिक्टोरियन वाडा होती आणि १९५९ मध्ये ती पाडली गेली. बाई नाहीशी झाली तसे घरही.

तिसरे भगदाड प्रत्यक्ष मनोऱ्याचे. चित्रीकरणाच्या काळी सॅन हुआन बाउतिस्ताच्या मिशनला असा घंटाघराचा मनोरा नव्हताच. पूर्वी असलेला एक मनोरा आधीच पाडलेला होता. पडद्यावर दिसतो तो रंगविलेल्या चित्राने जोडलेला. आतला जिना पॅरामाउंटच्या स्टुडिओतला, आणि भोवळीचा तो प्रसिद्ध आभास तर जिन्याची लहान प्रतिकृती आडवी ठेवून केलेला : कॅमेरा एकीकडे सरकतो आणि भिंगाची झेप उलट दिशेने जाते. त्या काही सेकंदांना सुमारे १९,००० डॉलर लागले, असे हिचकॉक यांनी त्रुफोंना सांगितले. ज्या इमारतीवर नसलेला मनोरा बसविला, ती सॅन अँड्रियास या भूकंपप्रवण भ्रंशरेषेला लागूनच उभी आहे. खोटा मनोरा सोडला तरी ती जागा डळमळीतच.

चौथे भगदाड सर्वांत मोठे, आणि ते खुद्द हिचकॉक यांनी कबूल केलेले आहे. स्कॉटी जिना चढून वर पोहोचणार नाही, याची एल्स्टरला खात्री कशी? भोवळ आली म्हणून माणूस थांबेलच, असे कोण सांगू शकतो? त्रुफोंशी १९६२ साली झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉक यांनी ही त्रुटी आपल्याला सलते, असे स्वतःहून सांगितले.

पाचवे, एल्स्टर सुटतो. तो युरोपात निघून जातो आणि पुन्हा दिसत नाही. त्या काळी हॉलिवूडमध्ये लागू असलेल्या निर्मितीसंहितेला गुन्हेगार मोकळा सुटलेला चालत नसे. काही परदेशी बाजारांसाठी म्हणून एक जादा शेवट चित्रित झालाही : मिज रेडिओ ऐकते आहे आणि एल्स्टरचा युरोपात माग लागल्याची बातमी येते. त्याच बातमीपत्रात बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या जिन्यावरून गाय चढविल्याचीही खबर आहे! हा तुकडा जोडला असता तर भगदाड बुजले असते आणि चित्रपट बुडाला असता. कादंबरीत नवऱ्याला जर्मन विमानांनी गाठले. सॅन फ्रान्सिस्कोत त्याला गाठणारे कोणी नाही, हेच तर त्या शहराचे सत्य आहे. एल्स्टर आपल्या कचेरीत जुन्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आठवणी काढतो, तेव्हा तोही सत्ता आणि मोकळीक यांचेच गोडवे गातो. शेवटी जिन्यावर स्कॉटीच्या तोंडी तीच जोडी तिसऱ्यांदा येते, ज्युडीला टाकून गेलेल्या एल्स्टरविषयी. कार्लोटाच्या श्रीमंताला शिक्षा झाली नव्हती. एल्स्टरला होत नाही.

हेतूंचा प्रश्न त्या मानाने सोपा, एका व्यक्तीचा सोडून. एल्स्टरला पत्नीचा पैसा हवा आहे. त्यात मानसशास्त्र नाही. स्कॉटीला मेलेली बाई परत हवी आहे, आणि तिच्यासाठी तो जिवंत बाईला पुसून टाकायला तयार आहे. तो ज्युडीला कपडे घालतो, केस रंगवायला लावतो, आणि त्याच्या ध्यानीही येत नाही की हे सारे एल्स्टरने त्याच्या आधी, त्याच बाईवर, त्याच क्रमाने केलेले आहे.

अवघड आहे ती ज्युडी. पैसे मिळाले असताना ती पळून का जात नाही? स्कॉटी दारात आल्यावर दार का लावून घेत नाही? सर्वांत मोठे म्हणजे, कार्लोटाचा हार ती जवळ का ठेवते आणि नेमका त्याच्यासमोर गळ्यात का घालते? ‘कथानकासाठी’ हे उत्तर चुका शोधणाऱ्यांना पुरते. पण हिचकॉक यांनी येथे कादंबरीची सांधेजोड मुद्दाम उखडली आहे. कादंबरीत गुपित अगदी शेवटी फुटते. चित्रपटात ज्युडी भेटल्यावर थोड्याच वेळात ती पत्र लिहिते, सर्व कबूल करते आणि पत्र फाडून टाकते. प्रेक्षकाला कळते, स्कॉटीला नाही. हे दृश्य ठेवावे की नाही याविषयी हिचकॉक स्वतः साशंक होते. ते काढण्यात आले होते आणि पॅरामाउंटचे प्रमुख बार्नी बालबन यांच्या आग्रहाने परत आले, असे चित्रपटाच्या इतिहासात नोंदले आहे.

बालबन यांचे म्हणणे योग्यच होते. त्या पत्रानंतर ‘ही कोण?’ हा प्रश्न संपतो आणि ‘ही का थांबली?’ हा सुरू होतो. उत्तर पत्रातच आहे : ती त्याच्यावर प्रेम करू लागली होती, आणि त्याने आपल्यावर ज्युडी म्हणून प्रेम करावे ही तिची आशा आहे. त्याला हवी आहे मॅडलिन. तो जितके बदल सुचवितो, तितकी ती पुराव्याच्या जवळ सरकते. शेवटी केसांचा अंबाडा घातला की ती आपणच आपल्याविरुद्धचा पुरावा होऊन उभी राहते. त्यावर हार हा एवढासा तपशील. आपल्या लबाडीच्या काळात एका माणसाने आपल्यावर जीव लावला होता, त्याची ती एकच वस्तू तिच्यापाशी आहे. गुन्हेगार म्हणून ती मूर्ख ठरते, हे खरेच.

आता राहिली ती खरी मॅडलिन एल्स्टर. तिच्याविषयी चित्रपट काय सांगतो? ती गावाबाहेर राहत असे आणि शहरात क्वचित येई, म्हणूनच तिची तोतया फिरविणे निर्धोक होते. पैसा तिच्या माहेरचा होता. पडद्यावर ती दिसते ते नवऱ्याच्या हातून फेकली जाताना आणि कौलांवर पडलेली. तिला एकही वाक्य नाही. कार्लोटाचे रक्त खरोखर कोणात होते, तर हिच्यात. आणि तिच्या पणजीचा इतिहास जेवढा उजेडात आणला गेला, तो तिला मारण्यासाठी. स्कॉटी तिला ओळखत नव्हता. तो शोक करतो तो दुसऱ्याच कोणासाठी, आणि शेवटच्या दृश्यात ज्युडी पडल्यावर मनोऱ्याच्या कडेला उभा राहतो तोही दुसऱ्याच कोणासाठी.

मिशन डोलोरेसमधला तो दगड पुढे हलविण्यात आला. त्या आवारात आणि आजूबाजूच्या जमिनीत ओलोनी, मिवोक आणि इतर मूळनिवासी जमातींच्या ५,००० हून अधिक माणसांना पुरण्यात आलेले आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या नावाचा दगड तेथे कधी नव्हता.